अंगावर काढलेलं

मुंढव्याच्या पुलाखाली जलपर्णी इतकी दाट
की बगळा तिच्यावरून चालत पलीकडे जातो.
तिथंच जीप लावली आम्ही.
थर्माकोलचा डबा, निळ्या बर्फाच्या विटा,
आणि सोळा प्रश्नांचा कागद.
सातवा प्रश्न: गेल्या पाच वर्षांत ताप आला होता का?

गजराबाई माने म्हणाली, न्हाई.
सांधे? ते दुखत्यातच.
पुरळ? घामोळं यायचंच की उन्हाचं.
अंथरूण धरलं होतं कधी?
शिंदीच्या पात्यांचा भारा सोडता सोडता ती हसली,
म्हणाली, मी झोपल्यावर डुकरांना कोन घालतंय?
मी चौकटीत 'नाही' लिहिलं.
पाच मिली. बाटलीवर: मा-४१.

मग तिची डुकरीण, भोपळी.
दोघांनी धरली, तिसऱ्यानं मानेतली शीर शोधली
आणि ती अशी ओरडली
की आख्खी वस्ती आमच्याकडे खुनी म्हणून बघायला लागली.
झालं गं बाय, झालं, गजराबाई तिच्या कानात म्हणत राहिली.
स्वतःच्या सुईला तिनं चकार शब्द काढला नव्हता.
डु-१७.

संध्याकाळी लतीफ पटवेकरची घोडी.
आरशांचं खोगीर उतरवलेलं, एका खुराला अजून गुलाल.
बँडला न बुजणारी ती
माझ्या हातातल्या कापसाला बुजली.
घो-३.

प्रयोगशाळेत आल्यावर कुणाचं काय ते दिसत नाही.
छप्पन्न अंशांवर अर्धा तास ठेवलं
की बाई, डुकरीण, घोडी
सारख्याच रंगाच्या.
एका ताटलीत शहाण्णव खळगे.
मी थेंब सोडते, धुते, थांबते, पुन्हा धुते.
माझा प्रश्न एकच असतो: तुला कोण भेटून गेलं?
आणि रक्त, त्याला जमेल तेवढं,
पिवळं होतं.

भोपळीचा खळगा गडद.
घोडीचा घोटाळा: दोन विषाणू चुलतभाऊ,
एकाची खूण दुसऱ्याच्या नावावर चढते
सातबाऱ्यावर चढावी तशी.
निकालाला आणखी पाच दिवस,
जिवंत पेशींचा एक थर, आणि माझा रविवार.
मा-४१ मात्र स्वच्छ पिवळा. कसलाच वाद नाही.

डॉक्टर घैसासांनी तक्ता पुढे ओढला.
तोंडानं सांगितलं ते शंभरात नऊ.
रक्तानं सांगितलं ते शंभरात छत्तीस.
मधले सत्तावीस कुठे होते हो, त्यांनी चष्मा पुसत विचारलं.
मी म्हणाले, कामावर.

चिठ्ठ्या वाटायला गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेलेली.
भोपळी विकली गेली होती.
तिचा निकाल माझ्या पिशवीत तसाच, घेणारं कुणी नाही.
घोडी हडपसरला वरातीत.
गजराबाईनं कागद उलटा धरला, सुलटा धरला, परत दिला.
म्हंजे मला झालं हुतं?
हो.
कवा?
रक्ताला तारीख सांगता येत नाही, मी म्हणाले.
जाऊन गेलं एवढंच राहतं त्यात.

ती बराच वेळ पाती चिरत राहिली.
मग म्हणाली, गौरीच्या आधी. तवाच.
धाकलीच्या बाळंतपणात मी भिंत धरून चालत हुते.
मूठ वळंना. विळा सासूच्या हातात दिलेला.
मला वाटलं, वय झालं.
ती चव्वेचाळीसची आहे. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.
म्हंजे वय न्हवतं ते, ती म्हणाली,
आणि एक हात गुडघ्यावर ठेवूनच उठली.

तो सातवा प्रश्न दुरुस्त करता येईल का, तिनं विचारलं.
मी सांगितलं, कागद आता कपाटात गेला, त्यावर सही झाली,
तिथं 'नाही'च राहणार.
असू दे, ती म्हणाली.
फुडल्या टायमाला आलीस तर
ताप आल्ता का, असं नको इचारू.
इचार, भिंत धरली हुतीस का.